पर्यावरणपूरक स्टेडियम कसं डिझाइन करायचं? शाळेच्या प्रोजेक्टसाठी सोपी माहिती, हिशोबासकट

शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात 'पर्यावरणपूरक स्टेडियम' हा विषय आता बऱ्याचदा दिसतो. पुठ्ठ्याचं गोल स्टेडियम, मधे हिरवा कागद, छतावर सोलर पॅनेल म्हणून चिकटवलेले निळे चौकोन आणि कोपऱ्यात दोन झाडं. मॉडेल छान दिसतं. पण परीक्षक विचारतात, "याने नेमका किती फरक पडतो?" आणि तिथेच गाडी अडते.

या लेखात आपण त्याच प्रश्नाचं उत्तर काढायला शिकणार आहोत. इयत्ता सहावी ते आठवीचं गणित पुरेसं आहे. सोबत फोन लागेल.

पर्यावरणपूरक स्टेडियम म्हणजे काय?

जे स्टेडियम बांधताना आणि वापरताना पाणी, वीज, इंधन आणि बांधकामाचं साहित्य कमीत कमी खर्च होतं, ते पर्यावरणपूरक. याचे चार भाग पडतात: पाणी, वीज, प्रेक्षकांचा प्रवास आणि बांधकाम. बहुतेक प्रोजेक्ट विजेवरच थांबतात. आपण चारही बघू.

१. पाणी

महाराष्ट्रात हा मुद्दा कोर्टापर्यंत गेला होता. २०१६ च्या उन्हाळ्यात मराठवाड्यात भीषण दुष्काळ होता. लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावं लागलं. अशा वेळी क्रिकेटच्या मैदानांवर पाणी का मारायचं, असा प्रश्न उभा राहिला आणि मुंबई उच्च न्यायालयाने ३० एप्रिलनंतरच्या आयपीएल मॅचेस राज्याबाहेर हलवायला सांगितल्या. मुंबईत ठरलेली फायनल शेवटी बेंगळुरूत झाली.

आता हिशोब करू. एक सूत्र लक्षात ठेवा: १ चौरस मीटर जागेवर १ मिलिमीटर पाऊस पडला की १ लिटर पाणी मिळतं.

समजा तुमच्या स्टेडियमचं छत ५,००० चौरस मीटर आहे आणि गावात वर्षाला ६०० मिलिमीटर पाऊस पडतो. ५,००० × ६०० = ३० लाख लिटर. थोडं पाणी उडून जातं, थोडं वाया जातं, म्हणून ८० टक्के धरा. हाती येतात २४ लाख लिटर.

मैदान किती पितं? क्रिकेटचं मैदान साधारण १५,००० चौरस मीटर धरू. उन्हाळ्यात हिरवळीला रोज ५ मिलिमीटर पाणी दिलं तर १५,००० × ५ = ७५,००० लिटर. म्हणजे छतावरचं वर्षभराचं पाणी ३२ दिवस पुरेल. उन्हाळा मात्र तीन महिन्यांचा!

शिवाय आपला पाऊस चार महिन्यांत पडून जातो. २४ लाख लिटर साठवायचे तर ३० मीटर लांब, २० मीटर रुंद आणि ४ मीटर खोल टाकी हवी. ती पार्किंगखाली दाखवता येईल. तुमच्या मॉडेलमध्ये ही टाकी दिसतेय का?

उरलेलं पाणी कुठून आणायचं? शहराच्या सांडपाण्यावर प्रक्रिया करून ते हिरवळीला देता येतं. २०२४ च्या पाणीटंचाईत बेंगळुरूच्या चिन्नास्वामी स्टेडियममध्ये असंच प्रक्रिया केलेलं पाणी वापरलं गेलं. दुसरा उपाय म्हणजे कमी पाणी लागणारं स्थानिक गवत लावणं आणि उन्हाचा जोर असताना पाणी न देता पहाटे देणं.

२. वीज

१ किलोवॉटचं सोलर पॅनेल आपल्याकडे दिवसाला सरासरी ४ युनिट वीज देतं. चिन्नास्वामी स्टेडियमवर २०१५ मध्ये सुमारे ४०० किलोवॉटची पॅनेल बसली. या हिशोबाने दिवसाला १,६०० युनिट. आपल्या ग्रिडची बरीच वीज कोळशापासून बनते, त्यामुळे एका युनिटमागे साधारण ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. म्हणजे ही पॅनेल रोज सुमारे १.१ टन कार्बन वाचवतात. हा आकडा पुढे लागणार आहे, लिहून ठेवा.

पण एक अडचण आहे. फ्लडलाइट लागतात रात्री, आणि तेव्हा सूर्य नसतो. यावर दोन मार्ग आहेत.

• नेट मीटरिंग: दिवसा तयार झालेली जास्तीची वीज ग्रिडला द्यायची आणि रात्री ग्रिडकडून घ्यायची. बिलात वजाबाकी होते.
• बॅटरी: ॲमस्टरडॅमच्या योहान क्रायफ अरेनात छतावर सुमारे ४,२०० पॅनेल आहेत. २०१८ पासून तिथे १४८ इलेक्ट्रिक कारच्या बॅटऱ्यांइतकी मोठी साठवण व्यवस्था चालू आहे. त्यातल्या काही बॅटऱ्या कारमध्ये वापरून झालेल्या आहेत. कारसाठी थकलेली बॅटरी एका जागी ठेवून वापरायला अजून चांगली चालते, हे यामागचं साधं तत्त्व.

मॉडेलमध्ये पॅनेल दक्षिणेकडे तोंड करून, साधारण १८ ते २० अंश कलती लावा. महाराष्ट्रात हाच कोन बरा पडतो, कारण तो आपल्या अक्षांशाच्या जवळचा आहे. पश्चिमेच्या स्टँडवर मोठं छत दिलं की दुपारनंतर तिथल्या प्रेक्षकांना आपोआप सावली मिळते. त्यासाठी पंखाही लागत नाही.

३. प्रेक्षकांचा प्रवास

हा भाग जवळजवळ सगळेच विसरतात. म्हणून इथे नीट लक्ष द्या.

समजा एका मॅचला १५,००० प्रेक्षक ५,००० कारमधून आले. प्रत्येक कार जाऊन-येऊन २० किलोमीटर चालली. १ लिटर पेट्रोलमध्ये १५ किलोमीटर धरले तर एका कारला सुमारे १.३३ लिटर पेट्रोल लागतं. १ लिटर पेट्रोल जळलं की सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड बनतो. म्हणजे एका कारमागे सुमारे ३ किलो, आणि ५,००० कारमागे १५ टन.

आता मघाचा आकडा आठवा. सोलर पॅनेल रोज १.१ टन वाचवत होती. म्हणजे पॅनेलनी जवळजवळ दोन आठवड्यांत वाचवलेलं सगळं एका मॅचच्या गाड्यांनी संपवलं!

तेच १५,००० प्रेक्षक ३०० बसमधून आले तर? एका बसला २० किलोमीटरसाठी ५ लिटर डिझेल धरा, लिटरमागे २.७ किलो कार्बन. एकूण सुमारे ४ टन. एका मॅचमागे ११ टनांची बचत झाली, तीही एकही पॅनेल न वाढवता.

म्हणून स्टेडियमची जागा हा डिझाइनमधला मोठा निर्णय आहे. मुंबईचं वानखेडे चर्चगेट स्टेशनपासून चालत जाण्याइतकं जवळ आहे. पुण्याजवळचं गहुंजे स्टेडियम एक्सप्रेसवेलगत, शहराबाहेर आहे. तिथे जायला बहुतेकांना गाडीच काढावी लागते. तुमच्या मॉडेलमध्ये बसथांबा, सायकल स्टँड आणि स्टेशनकडे जाणारा सावलीचा रस्ता दाखवा. पार्किंग मुद्दाम लहान ठेवा आणि का ठेवलं ते सांगा.

४. बांधकाम आणि वापर

सिमेंट आणि लोखंड बनवताना प्रचंड ऊर्जा लागते. स्टेडियम उभं राहतं तेव्हाच बराच कार्बन खर्च झालेला असतो. मग ते वर्षात किती दिवस वापरात राहतं हे महत्त्वाचं.

ब्राझीलच्या राजधानीत २०१४ च्या फुटबॉल वर्ल्ड कपसाठी सुमारे ७०,००० आसनांचं स्टेडियम बांधलं. पण शहरात त्या तोडीचा मोठा क्लबच नव्हता. पुढच्याच वर्षी त्याच्या आवारात बस उभ्या करायला सुरुवात झाली. याउलट २०२२ च्या वर्ल्ड कपसाठी कतारने शिपिंग कंटेनर आणि लोखंडी सांगाडा वापरून 'स्टेडियम ९७४' असं बांधलं की ते सुटं करून दुसरीकडे नेता यावं. कंटेनर ९७४, आणि कतारचा फोन कोडही ९७४! पॅरिसने २०२४ च्या ऑलिम्पिकसाठी सुमारे ९५ टक्के ठिकाणं जुनी किंवा तात्पुरती वापरली.

शाळेच्या प्रोजेक्टमध्येही हे जमतं. स्टँडखाली वाचनालय, व्यायामशाळा, शनिवारचा भाजीबाजार दाखवा. मैदान सकाळी गावातल्या मुलांसाठी खुलं ठेवा.

फोनवर काय करायचं?

१. गूगल अर्थ उघडून तुमच्या जवळचं मैदान शोधा. मोजपट्टीच्या टूलने त्याचं आणि आजूबाजूच्या छतांचं क्षेत्रफळ मोजा.
२. मॅप्सवर जवळचं स्टेशन आणि बसथांबा किती अंतरावर आहे ते बघा.
३. कंपासने मैदानाची दिशा तपासा. क्रिकेटची खेळपट्टी शक्यतो उत्तर-दक्षिण असते, म्हणजे मावळतीचं ऊन बॅट्समनच्या डोळ्यात जात नाही.
४. आपल्या तालुक्याचा सरासरी पाऊस शोधा.
५. वरचे सगळे हिशोब शीट्समध्ये तुमच्या आकड्यांनी पुन्हा करा.

लक्षात ठेवा, इथले प्रेक्षक, गाड्या आणि छताचे आकडे उदाहरणासाठी धरलेले आहेत. ते तसेच उतरवून घेऊ नका. तुमच्या गावात पाऊस कमी असेल, लोक बाइकवर जास्त येत असतील, तर उत्तरही बदलेल. कदाचित हिशोबाअंती असंही निघेल की गावाला नवीन स्टेडियम नकोच, शाळेच्या जुन्या मैदानाला एक टाकी, चार एलईडी दिवे आणि बसची एक जादा फेरी पुरे. तसं निघालं तर तेच मॉडेल बनवा. परीक्षकांनी "किती फरक पडतो?" विचारलं की शीट उघडून दाखवा.