जखमी ज्या घरीं, त्या घराला अभय

युद्धाचे नियम म्हटले कीं आपल्या डोळ्यांपुढें प्रथम शिपाई उभा राहतो. नियम करणाऱ्यांच्या डोळ्यांपुढेंही प्रथम तोच उभा राहिला. घरांत बसलेल्या निःशस्त्र माणसाची पाळी फार उशिरां आली. ती कशी आली, हें आज थोडक्यांत सांगावयाचें आहे.

२४ जून १८५९ रोजीं उत्तर इटलींत सॉल्फेरिनो येथें फ्रान्स व सार्डिनिया यांची ऑस्ट्रियाशीं घनघोर लढाई झाली. दोन्ही बाजूंचे मिळून सुमारें ४०,००० सैनिक मृत, जखमी वा बेपत्ता झाले. हेन्री ड्यूनांट नांवाचा जिनिव्हाचा एक व्यापारी त्या वेळीं अल्जीरियांतील आपल्या धंद्याच्या कामासाठीं बादशहा तिसऱ्या नेपोलियनला भेटावयास तिकडे गेला होता. जवळच्या कास्तिल्योने गांवांतील चर्चें जखमींनीं भरून गेलेलीं त्यानें पाहिलीं. गांवांतल्या बायाबापड्या शत्रु-मित्र असा भेद न करतां त्यांना पाणी पाजीत होत्या. ड्यूनांट आपलें काम विसरून त्यांच्यांत मिसळला.

या अनुभवावर त्यानें १८६२ सालीं पुस्तक लिहिलें. १८६३ सालीं जिनिव्हांत पांच जणांची समिति स्थापन झाली. आणि २२ ऑगस्ट १८६४ रोजीं १२ राष्ट्रांनीं १० कलमांच्या करारावर सह्या केल्या. त्यांतील पांचवें कलम सामान्य रहिवाशांसंबंधीं आहे. जखमींच्या मदतीस धांवणाऱ्यांना उपद्रव देऊं नये व ज्या घरांत जखमीला आसरा मिळाला त्या घराला अभय असावें, असें तें सांगतें. कास्तिल्योनेच्या बायांचा याहून मोठा गौरव कोणता? परंतु शेजारच्या ज्या घरांत जखमी नाहीं, त्याचें काय? त्याविषयीं करार मुका होता.

या मौनाची किंमत लौकरच कळली. १८७० सालीं प्रशियाच्या बाजूच्या जर्मन सैन्यानें फ्रान्सच्या स्ट्रासबुर्ग शहरास वेढा घातला. दोन्ही राष्ट्रें १८६४ च्या कराराशीं बांधलेलीं होतीं. तरीही तोफांचे गोळे भर वस्तींत पडले आणि २४ ऑगस्टच्या रात्रीं तेथील ग्रंथालय जुन्या हस्तलिखितांसह जळालें. पुढें स्विस लोकांच्या एका शिष्टमंडळानें अनेक स्त्रिया व मुलें बाहेर काढलीं. पण ती दया होती, कायदा नव्हता.

१९०७ च्या हेग नियमांनीं असंरक्षित गांवांवर मारा करण्यास मनाई केली. तथापि तटबंदीच्या आंतील मुलांना त्याचा उपयोग काय? पुढें विमानें आलीं आणि मैदान व वस्ती यांतील अंतर उरलें नाहीं. १९३४ सालीं टोकिओंतील रेडक्रॉस परिषदेनें शत्रूच्या हातीं सांपडलेल्या नागरिकांच्या रक्षणाचा मसुदा संमत केला. त्यावर विचार करण्यासाठीं राष्ट्रांच्या प्रतिनिधींची परिषद १९४० सालीं भरावयाची होती. १९३९ सालींच महायुद्ध पेटलें! ज्यांच्यासाठीं तो मसुदा होता, त्यांतील लक्षावधि लोक कराराची वाट पाहण्यास उरले नाहींत.

अखेर १२ ऑगस्ट १९४९ रोजीं चौथा जिनिव्हा करार झाला. नागरिकांना ओलीस धरणें, एकाच्या गुन्ह्याबद्दल सर्वांस शिक्षा करणें, व्याप्त प्रदेशांतून त्यांना बळजबरीनें परदेशीं हलविणें, यांस त्यानें बंदी केली. हल्ला करतांना सैनिक व नागरिक यांत भेद केलाच पाहिजे, हा नियम स्पष्ट शब्दांत लिहिला जाण्यास तर १९७७ साल उजाडावें लागलें.

कास्तिल्योनेच्या बायांनीं जखमीला पाणी देण्यापूर्वीं त्याचा देश विचारला नव्हता. अशा बायांना, घरीं जखमी असो वा नसो, केवळ माणूस म्हणून अभय देणारा करार होण्यास मात्र ९० वर्षें लागलीं.