नागासाकीचें पडलेलें देऊळ

नागासाकी हें नांव उच्चारतांच आपल्याकडील वाचकाच्या मनांत एकच तारीख उभी राहते: ९ ऑगस्ट १९४५. शहराचा बाकीचा इतिहास त्या एका दिवसाच्या आड झांकून जातो. परंतु आगगाडीनें त्या शहरांत उतरणाऱ्या प्रवाशाला जें पहिलें स्मारक भेटतें, त्याचा अणुबाँबशीं कांहीं संबंध नाहीं. स्टेशनापासून थोड्याच चढावर निशिझाका नांवाची लहानशी टेकडी आहे. तेथें एक दगडी भिंत असून तिच्यावर ब्राँझच्या सव्वीस मूर्ति एका ओळींत बसविल्या आहेत. कोणाचे हात जोडलेले, कोणाचे पसरलेले. पाय मात्र एकाचेही जमिनीला टेकलेले नाहींत. फूनाकोशी यासुताके या शिल्पकारानें घडविलेलें हें स्मारक १९६२ सालीं उभें राहिलें. त्या सव्विसांपैकीं एकजण आपल्या वसईचा आहे.

वसई म्हटली कीं मराठी माणसाला १७३९ साल व चिमाजीअप्पा आठवतात. त्यापूर्वीं दोनशें वर्षें तेथें पोर्तुगिजांचा अंमल होता. त्या अमलांत, १५५७ च्या सुमारास, पोर्तुगीज बाप व देशी आई यांच्या पोटीं गोन्सालो गार्सिया जन्मास आला. जेझुइट पाद्ऱ्यांच्या हाताखालीं तो शिकला व पंधरा-सोळा वर्षांचा असतां त्यांच्यापैकींच एकाबरोबर जपानास गेला. ही वाट तेव्हां चांगली रुळलेली होती. गोव्याहून मलाक्का, तेथून मकाव, आणि मकावहून नागासाकी असा पोर्तुगीज व्यापाराचा ओघ होता. १५७१ सालीं या बंदरांत पोर्तुगीज जहाजें येऊं लागलीं, आणि ज्या खाडीच्या कांठीं पूर्वीं कोळ्यांचें खेडें होतें तेथें शहर वसलें. गोन्सालो जपानी भाषा उत्तम शिकला, आठ वर्षें पाद्ऱ्यांचा हरकाम्या व धर्मशिक्षक म्हणून राबला. पण त्याला संघांत कांहीं घेतलें नाहीं. तेव्हां तो मकावला गेला, व्यापारांत शिरला आणि तेथें त्याचें चांगलें बस्तान बसलें. पुढें तेंही सोडून मनिलास फ्रान्सिस्कन संघांत साध्या बंधूची दीक्षा त्यानें घेतली आणि १५९३ मध्यें फिलिपाइन्सच्या वकिलातीबरोबर दुभाषा म्हणून तो पुन्हां जपानांत उतरला. जेझुइटांनीं ज्याला दारांत ठेविलें त्याच्याच जिभेवर आतां फ्रान्सिस्कनांचें सारें काम अवलंबून होतें.

त्या वेळीं जपानचा सर्वसत्ताधारी होता हिदेयोशी. परदेशी धर्मोपदेशकांनीं देश सोडावा असा हुकूम त्यानें १५८७ सालींच काढला होता. परंतु धर्म गेला तर व्यापारही जाईल या भयानें तो नीट अमलांत आला नाहीं. १५९६ मध्यें सान फेलिपे नांवाचें स्पॅनिश जहाज तोसाच्या किनाऱ्यावर फुटलें आणि त्यावरील मालाच्या वादांतून हिदेयोशीचा संशय भडकला. क्योतो व ओसाका येथें चोवीस जणांना धरलें. डाव्या कानाची पाळी कापून, भर हिवाळ्यांत महिनाभर चालवीत त्यांना नागासाकीस आणलें. वाटेंत आणखी दोघे त्यांत मिळाले. त्यांतला सर्वांत लहान मुलगा बारा वर्षांचा होता. ५ फेब्रुवारी १५९७ रोजीं निशिझाकाच्या टेकडीवर सर्वांना क्रुसांवर चढवून भाल्यांनीं मारण्यांत आलें. हीच जागा निवडण्यांत हेतु उघड होता: बंदरांत येणाऱ्या प्रत्येक जहाजावरून ते क्रूस दिसावे. नागासाकी हें तेव्हां जपानांतलें सर्वांत ख्रिस्ती शहर होतें. तें शहाणें व्हावें म्हणून हा देखावा.

तें शहाणें झालें नाहीं. पण मुकें मात्र झालें. १६१४ मध्यें ख्रिस्ती धर्मावर देशभर बंदी आली, १६३९ मध्यें पोर्तुगिजांना हांकलून दिलें, आणि त्यांना कोंडण्यासाठीं बांधलेल्या डेजिमा नांवाच्या पंख्याच्या आकाराच्या कृत्रिम बेटावर १६४१ पासून डच व्यापाऱ्यांना ठेवण्यांत आलें. दोनशें वर्षें युरोपाचें वैद्यक, नकाशे व यंत्रविद्या या एवढ्याशा खिडकींतून जपानांत झिरपत होती. डेजिमाविषयीं पुष्कळ लिहिलें गेलें आहे, आणि आज पुन्हां उभारलेलीं तेथील घरें नीटनेटकीं व प्रेक्षणीय आहेत. पण भोंवतालचा समुद्र केव्हांच बुजला आहे, आणि भर रस्त्याच्या कडेला उभें असलेलें तें बेट पाहून मन फारसें हलत नाहीं. तेथें रेंगाळण्यापेक्षां उत्तरेकडे उराकामीला जावें.

निशिझाकापासून उराकामी दोन मैलांच्या आंत आहे. बंदीच्या काळांत हें एक शेतकऱ्यांचें खेडें होतें. दरसाल गांवच्या पाटलाच्या वाड्यांत सर्व रयतेला जमवीत आणि ख्रिस्ताची किंवा मरियेची कोरीव प्रतिमा पायांखालीं तुडवायला लावीत. लोक ती तुडवीत, घरीं येऊन क्षमेची प्रार्थना करीत, आणि मुलाबाळांना गुप्तपणें बाप्तिस्मा देत. पाद्री नाहीं, ग्रंथ नाहीं, देऊळ नाहीं, अशा स्थितींत हा धर्म अडीचशें वर्षें टिकला. अधूनमधून कोणी चहाडी करी व धरपकड होई. तिला ते 'कुझुरे' म्हणत, म्हणजे ढासळणें. १८६५ सालीं परदेशी लोकांच्या वस्तींत ओउरा येथें फ्रेंच मिशनऱ्यांनीं देऊळ बांधलें. तें निशिझाकाच्या त्याच सव्वीस जणांना अर्पण केलेलें होतें. १७ मार्च रोजीं उराकामीचे कांहीं लोक तेथें आले व त्यांनीं हळूच पाद्ऱ्याला सांगितलें कीं आमचेंही हृदय तुमच्यासारखेंच आहे. बंदी तेव्हां उठलेली नव्हती. १८६७ मध्यें चौथें कुझुरे आलें. सुमारें ३,४०० माणसें, म्हणजे अवघें गांव, देशोधडीला लागलें, आणि सहाशेंहून अधिक माणसें परत आलीं नाहींत. त्या हद्दपारीला ते लोक 'प्रवास' म्हणत. या धरपकडीच्या कामीं शेजारच्या बुराकु वस्तींतल्या लोकांना, म्हणजे जपानांतल्या अस्पृश्यांना, राबविण्यांत आलें होतें. दलितांच्या हातून दलितांना धरविण्याची युक्ति आपल्याकडील सत्ताधाऱ्यांनाही अपरिचित नव्हती.

१८७३ मध्यें बंदी उठली व उरलेले लोक परतले. पुढें १८८० मध्यें त्यांनीं एक जागा विकत घेतली. ती कोणती? तर ज्या वाड्यांत प्रतिमा तुडवावी लागे, तीच पाटलाची जागा. १८९५ पासून १९१४ पर्यंत, आपल्या हातांनीं विटा वाहून, त्यांनीं तेथें भव्य देऊळ बांधलें. दोन घंटाघरें १९२५ सालीं पुरीं झालीं. पूर्व आशियांतलें सर्वांत मोठें ख्रिस्तमंदिर म्हणून त्याची ख्याति झाली.

त्याच काळांत बंदराच्या पलीकडच्या कांठावर दुसरें एक बांधकाम चाललें होतें, आणि त्याचा उल्लेख न करतां नागासाकीच्या स्मारकांविषयीं बोलणें प्रामाणिकपणाचें होणार नाहीं. मित्सुबिशीच्या गोदींत १९४० सालीं मुसाशी ही युद्धनौका पाण्यांत उतरली. ती कोणाच्या दृष्टीस पडूं नये म्हणून गोदीभोंवतीं ताडाच्या काथ्याचे इतके पडदे टांगले होते कीं कोळ्यांना जाळ्यांसाठीं काथ्या मिळेना असें सांगतात. उराकामींतल्या त्याच कंपनीच्या शस्त्रकारखान्यांत बनलेले पाणतीर पर्ल हार्बरवरील हल्ल्यांत वापरले गेले. या गोद्यांत व खाणींत हजारों कोरियन मजूर सक्तीनें आणलेले होते. चिनी होते, आणि डच व इंग्रज युद्धकैदीही होते. म्हणजे एका खोऱ्यांत प्रार्थना व पाणतीर शेजारीं शेजारीं नांदत होते. आणि गिरणीचा भोंगा व देवळाची घंटा हीं दोन्ही ऐकणारीं माणसें पुष्कळदां तींच होतीं.

९ ऑगस्टला विमानाचें पहिलें लक्ष्य कोकुरा हें शहर होतें. तेथें धुरकट आभाळामुळें कांहीं दिसेना म्हणून तें नागासाकीकडे वळलें. येथेंही ढग होते. जी फट सांपडली तींतून बाँब सोडला, तो ठरलेल्या जागेच्या उत्तरेस उराकामीच्या खोऱ्यावर, सुमारें ५०० मीटर उंचीवर, ११ वाजून २ मिनिटांनीं फुटला. वर्षअखेरपर्यंत ७३,८८४ माणसें मेलीं अशी शहराची गणना आहे. देवळांत १५ ऑगस्टच्या सणापूर्वींचें पापनिवेदन चालूं होतें; दोन पाद्री व आंतील उपासक जागींच गेले. उराकामीच्या सुमारें १२,००० ख्रिस्ती लोकांपैकीं ८,५०० गेले. जुन्या शहराला मधल्या डोंगरांचा आडोसा मिळाला. तेथें लवकरच कुजबूज सुरू झाली कीं बाँब नागासाकीवर पडला नाहीं, उराकामीवर पडला. परधर्मीयांना देवानें शासन केलें. उराकामीच्या लोकांनीं त्याला आपलें वेगळें नांव दिलें: पांचवें कुझुरे.

या कुजबुजीला उत्तर देणारा माणूस नागाइ ताकाशी. वैद्यकीय महाविद्यालयांतला क्ष-किरणांचा डॉक्टर, स्वतः रक्ताच्या विकारानें ग्रस्त, पत्नी बाँबनें गेलेली. २३ नोव्हेंबर १९४५ रोजीं पडक्या देवळासमोर मृतांच्या श्राद्धप्रसंगीं तो बोलला. जगाच्या पापासाठीं देवानें उराकामीचा निर्दोष कोंकरा निवडला, असें त्याचें प्रतिपादन होतें. सर्वस्व गमावलेल्या माणसांना त्यानें मान दिला, यांत शंका नाहीं. त्याच्या लहानशा झोंपडीपुढें आजही यात्रेकरू उभे राहतात. परंतु मला या विचाराचें भय वाटतें. बळी देवानें निवडला असें म्हटलें, कीं ज्यांनीं युद्ध पेटविलें ते आणि ज्यांनीं बाँब टाकला ते, दोघेही सुटले. तेरा वर्षांनीं जें घडलें त्याचें बीज मला येथेंच दिसतें.

पडक्या देवळाच्या भिंती तेरा वर्षें उभ्या होत्या. काजळलेले संतांचे पुतळे, अर्धी कमान, विटांचे ढीग. शहराच्या समितीनें ते अवशेष जपावे अशी शिफारस केली. हिरोशिमाच्या घुमटापेक्षां हें अवशेष अधिक बोलके होते, असें छायाचित्रें पाहणाऱ्या कोणालाही वाटेल. पण धर्मसभेला त्याच जागीं नवें देऊळ हवें होतें. छळाची ती भूमि, दुसरीकडे जाणार कसे? हें म्हणणें खोटें नव्हतें. नगराध्यक्ष तागावा आरंभीं जपण्याच्या बाजूचे होते. १९५६ मध्यें ते अमेरिकेचा दौरा करून आले, आणि नंतर त्यांचें मत पालटलें. त्या दोहोंत संबंध आहे असा संशय पुष्कळांनीं घेतला आहे. निर्णायक पुरावा पुढें आलेला नाहीं. १९५८ मध्यें भिंती पाडल्या, १९५९ मध्यें नवें देऊळ झालें, आणि भिंतीचा एक तुकडा स्फोटकेंद्राच्या बागेंत नेऊन ठेवला. हिरोशिमानें आपला घुमट जपण्याचा ठराव १९६६ मध्यें केला. आठच वर्षांचें अंतर.

शांतता-उद्यानांतला कितामुरा यांचा सुमारें दहा मीटर उंचीचा पुतळा या सुमारासच, १९५५ मध्यें, उभा राहिला होता. एक हात आकाशाकडे, दुसरा आडवा. जखमींच्या औषधोपचाराचा कायदा झाला १९५७ मध्यें. पुतळा आधीं, औषध मागाहून. हें पीडितांना झोंबलें यांत नवल नाहीं. पुतळा पाहून मागें वळतांना पायांशीं तुरुंगाच्या भिंतींचे पाये दिसतात. तेथें १३४ माणसें गेलीं. त्यांत चिनी व कोरियन कैदी होते. मला तो पाया पुतळ्याहून मोठा वाटतो. कोरियन मृतांचा लहानसा दगड स्फोटकेंद्राजवळ १९७९ मध्यें बसला, तोही सरकारनें नव्हे, कांहीं स्थानिक नागरिकांनीं.

डिसेंबर १९८८ मध्यें नगरसभेंत एका प्रश्नाला उत्तर देतांना नगराध्यक्ष मोतोशिमा हितोशी म्हणाले कीं युद्धाची जबाबदारी सम्राटावरही आहे. सम्राट तेव्हां मरणशय्येवर होते. देशभर गदारोळ उठला. पक्षानें माघार घ्या म्हटलें, त्यांनीं घेतली नाहीं. जानेवारी १९९० मध्यें नगरभवनासमोर एका उजव्या गटाच्या माणसानें त्यांच्यावर गोळी झाडली. ते वांचले. हे मोतोशिमा गोतो बेटांतल्या गुप्त ख्रिस्ती घराण्यांतले. पायाखालच्या प्रतिमेसमोर दरसाल ज्यांचे पूर्वज खोटें वागले, त्यांच्या वंशजानें एकदां खरें बोलून पाहिलें.

वसईच्या किल्ल्यांत पोर्तुगीज देवळांच्या भिंती अद्याप उभ्या आहेत. छप्परें गेलीं, वेली चढल्या. त्या जपाव्या कीं पाडाव्या असा वाद आपल्याकडे कधीं रंगला नाहीं; मुळांत त्यांची आठवणच राहिली नव्हती, पुढें पुराणवस्तु खात्यानें त्या आपल्या हाताखालीं घेतल्या. गोन्सालोचें गांव पडकें राहिलें, त्याचें मरणस्थान मात्र झाडून पुसून नवें झालें.

सर्वच पुसतां आलें नाहीं. उत्तरेकडच्या घंटाघराचा घुमट स्फोटानें उडून टेकडीखालच्या ओढ्यांत कोसळला होता. तो इतका जड कीं हलवितां येईना. म्हणून ओढाच वळविला. २०१६ मध्यें त्याला राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळांत स्थान मिळालें. दक्षिणेकडची घंटा ढिगाऱ्यांतून काढून १९४५ च्या नाताळच्या आदल्या रात्रीं वाजविली होती. उत्तरेकडची फुटली ती फुटलीच. तिची जागा ऐंशी वर्षें रिकामी होती. २०२५ मध्यें अमेरिकेंतील कॅथॉलिक लोकांनीं दिलेली नवी घंटा तेथें बसली व ९ ऑगस्टला दोन्ही घंटा प्रथमच एकत्र वाजल्या. घुमट मात्र पडला तेथेंच, देवळाच्या पायथ्याशीं, गवतांत तिरका होऊन पडला आहे.