सापळ्याचीही परीक्षा

न्यूझीलंडच्या नैर्ऋत्य टोकाला रेझोल्यूशन नावाचे बेट आहे. १८९४ साली सरकारने रिचर्ड हेन्री यांना तेथे रखवालदार नेमले. पुढील काही वर्षांत त्यांनी शेकडो काकापो आणि किवी मुख्य भूमीवरून होडीने आणून या बेटावर सोडले. काकापो हा न उडणारा पोपट. संकट आले की तो जागीच थिजतो. आकाशातून नजरेने शिकार टिपणाऱ्या पक्ष्यांपुढे ही युक्ती चालत असे. वासाच्या मागावर येणाऱ्या प्राण्यापुढे ती कुचकामी ठरली.

हा प्राणी म्हणजे स्टोट. पाणमांजराच्या कुळातला, पण मुंगसाहूनही लहान. वटवाघळे सोडली तर न्यूझीलंडच्या जमिनीवर मूळचे सस्तन प्राणीच नव्हते. युरोपीय वसाहतवाल्यांनी ससे आणले, सशांनी कुरणे फस्त केली, म्हणून १८८०च्या दशकात स्टोट आणले गेले. पक्षितज्ज्ञांनी विरोध केला होता. पण लोकरीच्या व्यापारापुढे पक्ष्यांचा कैवार कोण ऐकणार! स्टोट पट्टीचा पोहणारा. १९०० साली तो रेझोल्यूशनवर पोहोचल्याचे दिसले आणि हेन्रींचे सारे कष्ट वाया गेले.

स्टोटला आवरण्यासाठी पुढे सापळे आले. जुना दातेरी सापळा पाय पकडी, आणि जनावर तासन्‌तास तडफडत राही. ‘मारायचेच, तर कसे मारले याने काय बिघडते?’ असे एखादा विद्यार्थी विचारील. आम्हांला वाटते, बिघडते. स्टोट काही आपण होऊन त्या देशात आला नव्हता.

न्यूझीलंडमध्ये १९९९ साली प्राणिकल्याणाचा नवा कायदा झाला आणि सापळ्यांचीच परीक्षा घेण्याची पद्धत रुळली. पापणीला स्पर्श केल्यावर ती मिटणे कधी थांबते, हे घड्याळ लावून पाहतात. प्राणी तीन मिनिटांच्या आत कायमचा बेशुद्ध झाला नाही, तर सापळा नापास. अनेक वर्षे सर्रास वापरलेला ब्रिटिश बनावटीचा फेन सापळा स्टोटच्या बाबतीत नापास झाला! तेथील संवर्धन खात्याने तयार केलेला ‘डॉक २००’ उत्तीर्ण झाला. लाकडी पेटी, आत आमिष म्हणून अंडे. पट्टीवर पाय पडताच स्प्रिंगचा दांडा डोक्या-छातीवर आदळतो. पेटीच्या तोंडाशी जाळी असते. तिच्यातले भोक स्टोटपुरतेच, म्हणून किवी आत शिरत नाही.

रेझोल्यूशनवर २००८ साली अशा पेट्यांचे जाळे पसरले. स्टोट खूपच घटले, पण संपले नाहीत. जवळच्या अँकर बेटावरून मात्र ते हटवता आले, आणि तेथे आज काकापो आहेत. एखादा स्टोट पोहत येईल म्हणून त्या बेटावरच्या पेट्या अजून काढलेल्या नाहीत.