एक रस्ता, दोन रेषा

नकाशांत रस्ता दाखवावयाचा म्हणजे एक रेघ ओढावयाची, ही रीत इतकी अंगवळणी पडली आहे कीं, त्या रेघेनें काय सांगितलें व काय गाळलें याचा विचार सहसा कोणी करीत नाहीं. रस्ता कोठून कोठें जातो हें रेघ सांगते. त्यावरून कोणत्या दिशेनें किती वाहनें जातात, हें ती सांगत नाहीं. रस्ता एक असला तरी वाहतुकीचे ओघ दोन असतात आणि त्यांचें मान क्वचितच सारखें असतें. सकाळीं उपनगरांतून मुंबईच्या कचेऱ्यांकडे निघालेला लोंढा संध्याकाळीं कसा उलटतो, हें वाचकांस सांगावयास नको. हे दोन ओघ नकाशावर कसे उतरले, हें पाहणें बोधप्रद आहे.

या विद्येचा जन्म लोहमार्गांच्या प्रश्नांतून झाला. आयर्लंडांत लोहमार्ग कोठून न्यावे याचा विचार करणाऱ्या मंडळाकरितां हेन्री ड्ररी हार्नेस या लष्करी इंजिनियरानें १८३७ सालीं नकाशे तयार केले. त्यांपैकीं एकांत सार्वजनिक गाड्यांतील उतारूंच्या संख्येप्रमाणें रेघेची जाडी कमीअधिक ठेविली होती. हे नकाशे पुढें विस्मृतींत गेले. १९५५ सालीं आर्थर रॉबिन्सन या भूगोलज्ञानें त्यांजकडे पुन्हां लक्ष वेधलें. फ्रान्समध्यें शार्ल मिनार या इंजिनियरानें १८४५ सालीं डिजों व म्यूलूझ यांच्या दरम्यानच्या रस्त्यांवरील वाहतुकीचा असाच नकाशा काढला. तेथेंही वाद लोहमार्गाच्या दिशेचाच होता.

याच मिनारनें १८६९ सालीं नेपोलियनच्या रशियावरील स्वारीचा प्रसिद्ध नकाशा केला. दहा हजार माणसांस एक मिलिमीटर, असें त्याचें प्रमाण होतें. जाणाऱ्या सैन्याचा पट्टा फिक्या रंगाचा असून तो ४,२२,००० माणसांपासून सुरू होतो. परतणाऱ्यांचा पट्टा काळा असून तो अखेरीस १०,००० वर येऊन ठेपतो. हे दोन पट्टे मिळवून एकच काढला असता, तर १८१२ सालचा तो सारा अनर्थ नकाशांतून नाहींसा झाला असता. जाणें आणि येणें वेगळें दाखविण्याचें महत्त्व याहून स्पष्टपणें क्वचितच कोणीं पटविलें असेल.

मात्र रुंद पट्टे कागदावर मावावयाचे, तर भूगोलास थोडें बाजूस सरावें लागतें. मिनारनें तें निःसंकोच केलें. अमेरिकेंतील यादवीमुळें तेथील कापूस आटला व हिंदुस्थानच्या कापसाचा ओघ युरोपकडे फुगला, हें त्यानें १८६६ सालीं नकाशानें दाखविलें. मुंबईस शेअरांचें वेड लावणारा कापूस तो हाच. असल्या नकाशांत पट्ट्यांस वाट देण्यासाठीं त्यानें समुद्रांतील अरुंद वाटाही रुंद करून टाकल्या.

आजच्या वेब-नकाशापुढें हाच प्रश्न नव्या रूपानें उभा राहिला आहे. गूगल मॅप्स २००५ सालीं निघाले आणि १९०७ सालच्या गांवनकाशास जें स्वप्नींही सुचलें नसतें, तें २००७ पासून तेथें अमेरिकेंतील शहरांच्या रस्त्यांवर दिसूं लागलें: हिरव्या, पिवळ्या व तांबड्या रंगांनीं वाहतुकीची चालू स्थिति. संगणकाच्या लेखीं रस्ता म्हणजे अक्षांश-रेखांशांच्या बिंदूंची क्रमवार माळ. दोन्ही दिशांचे रंग त्याच माळेवर चढविले, तर वरचा रंग खालच्यास झांकतो. म्हणून प्रत्येक रेषा मूळ माळेपासून प्रवासाच्या दिशेच्या डावीकडे किंचित् सरकवितात. बिंदूंचा क्रम उलटा केला कीं, त्याच नियमानें दुसरी रेषा आपोआप समोरच्या बाजूस पडते. फ्रान्समध्यें वाहनें उजवीकडून चालत असल्यानें तेथें उजवीकडे सरकवावें लागतें. पोर्तुगालनें १९२८ सालीं उजवी बाजू पत्करली, तरी गोमंतकांत डावीच कायम राहिली.

रेषा किती सरकवावी, येथें खरी अडचण आहे. जमिनीवरील मीटरांत अंतर धरलें, तर नकाशा लहान करतांच दोन्ही रेषा पुन्हां एक होतात. पडद्यावरील ठिपक्यांत धरलें, तर त्या वेगळ्या राहतात. परंतु रस्ता सोडून शेजारच्या घरांवरून धांवूं लागतात. वळणावर आंतली रेषा स्वतःलाच छेदते, बाहेरची तुटते. तेथें सांधे जुळवावे लागतात. एकेरी मार्गाची जोडी करतां कामा नये. आणि दुभाजकानें विभागलेले रस्ते मुळांतच दोन रेषांनीं नोंदले असतील, तर त्यांस सरकविण्याचें कारण नाहीं.

एवढी यातायात कशास, सरासरीचा एकच रंग द्यावा, असें कोणी म्हणेल. पण एक बाजू तुंबलेली व दुसरी मोकळी असतां सरासरीनें जो मध्यम रंग येतो, ती स्थिति रस्त्याच्या कोणत्याच बाजूस नसते. अशा नकाशावरून सिग्नलची वेळ ठरविली किंवा बसगाड्या वांटल्या, तर अडलेल्याचें गाऱ्हाणें कोणासच दिसत नाहीं. रेषा दोन हात बाजूस सरकविणें ही भूगोलाशीं केलेली लहानशी तडजोड आहे. सरासरी ही वस्तुस्थितीशीं केलेली प्रतारणा आहे. या दोहोंपैकीं पहिली पत्करावी, हेंच आमच्या मतें मिनारच्या परंपरेस शोभणारें आहे.