फ्रांट्झच्या गाठीची कुळकथा

भंडारा जिल्ह्यातील साकोली तालुक्यात, धानाच्या बांध्यांनी वेढलेल्या एकोडीसारख्या गावी, एखाद्या पंधरा वर्षांच्या मुलीच्या पोटात गोळा हाताला लागला, तर घरची माणसे त्याचे खापर प्रथम पाळीवर किंवा अपचनावर फोडतात. आणि पुढे सोनोग्राफीच्या कागदावर स्वादुपिंडाच्या गाठीची नोंद उमटली, की प्रौढांच्या त्या कर्करोगाची अपकीर्ती आठवून त्यांचा धीर सुटतो. वस्तुतः तरुण मुलींना प्राधान्याने होणारी एक दुर्मीळ गाठ निराळ्याच कुळातली असते, आणि तिचे कुळ दप्तरी प्रथम नोंदवण्याचे श्रेय व्हर्जिनिया नीलंड फ्रांट्झ या विदुषीला जाते.

१९२२ साली कोलंबिया विद्यापीठाची वैद्यकीय पदवी घेऊन न्यूयॉर्कच्या प्रेस्बिटेरियन रुग्णालयात शल्यविभागाची उमेदवारी करणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. पुढे त्यांनी सूक्ष्मदर्शक जवळ केला. १९३५ साली ॲलन व्हिपल यांच्यासमवेत त्यांनी इन्सुलिन पाझरणाऱ्या गाठींवर निबंध लिहिला, आणि १९५९ साली स्वादुपिंडाच्या अर्बुदांवरील आपल्या ग्रंथात या गाठीचे वर्णन करताना ती सौम्य की घातक, हा प्रश्न उघडाच ठेवला. पुरावा अपुरा असता निवाडा न देण्याचा हा संयम मला त्या वर्णनाइतकाच मोलाचा वाटतो.

या गाठीतल्या पेशींची परस्परांवरील पकड ढिली असते; रक्तवाहिन्यांपासून दूरच्या पेशी गळून पडतात, जवळच्या तेवढ्या त्यांना बिलगून राहतात आणि अंकुरांचा आभास होतो; मधल्या पोकळ्यांत रक्त साचते. नाना नावांनी वावरलेल्या या गाठीला जागतिक आरोग्य संघटनेने १९९६ साली एक अधिकृत नाव दिले. पुढे बीटा-कॅटेनिनच्या जनुकातील दोष सापडला, त्यामुळे बायॉप्सीतील निदानाला भक्कम आधार मिळाला.

उपचार मुख्यतः शस्त्राचाच: गाठ शेपटाकडे असल्यास तो भाग, शक्य तेथे प्लीहा राखून, काढतात, शिराकडे असल्यास फ्रांट्झबाईंच्या त्याच सहकाऱ्याच्या नावाची, व्हिपल शस्त्रक्रिया, करावी लागते. ती अवघड असल्याने नागपुरात किंवा १९४१ साली सुरू झालेल्या मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयासारख्या अनुभवी ठिकाणीच करवावी. गाठ समूळ निघाल्यास बहुतेक मुली पूर्ण बऱ्या होतात व रसायनोपचाराची गरज सहसा पडत नाही. तथापि क्वचित ती पुष्कळ वर्षांनी उलटते, सबब प्रकृती ठणठणीत दिसली तरी पालकांनी तपासणीच्या तारखा चुकवू नयेत.