पथ्य आणि प्रवास

विक्रोळीवरून विमाने जाताना पाहिली की मला आनंदीबाई जोशी यांचे स्मरण होते. परदेशी अन्नवस्त्रांत बदल करणार नाही, असे श्रीरामपूरच्या सभेत सांगून त्या एप्रिल १८८३ मध्ये कलकत्त्याहून बोटीने निघाल्या. न्यूयॉर्कला पोचायला जून उजाडला. ८ जून १९४८ रोजी ‘मलबार प्रिन्सेस’ विमान मुंबईहून लंडनला निघाले. महिन्यांचे तास झाले; पथ्य सुटले नाही, कारण तेवढे पालटले. मधुमेही आता विमानकंपनीकडे ‘डीबीएमएल’ या खुणेचे जेवण आगाऊ नोंदवतो. पण पश्चिमेस जाताना दिवस लांबतो, जेवणवेळा सरकतात. सामानाच्या कोठीत इन्सुलिन गोठू शकते. वाचकहो, आचाराचे पथ्य मोडले तर मन खाते. औषधाचे मोडले तर जिवाशी गाठ! लेकाकडे परदेशी निघालात, तर इन्सुलिन, दोन पोळ्या आणि साखरेची पुडी हातपिशवीतच असू द्या.