पाणवठा आणि पदपथ

लोकसंघटना म्हटली की घटना, कार्यकारिणी आणि शिक्का आमच्या डोळ्यांपुढे उभा राहतो. इतिहास मात्र निराळे सांगतो. संघटनेची पहिली वीट गावात एका जागी बसते, शहरात दुसऱ्या. महाराष्ट्रातील दोन उदाहरणे पाहू.

डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हे ख्रिस्ती दांपत्य १९७० साली जामखेडला आले. त्यांना आरोग्यसेवा द्यायची होती. दुष्काळाने गांजलेल्या गावांना आधी अन्न आणि पाणी हवे होते. गावात माणसे एकमेकांना पिढ्यान्‌पिढ्या ओळखत होती, तथापि पाणवठे जातीप्रमाणे वेगळे होते. म्हणून नव्या कूपनलिका दलित वस्तीत घेण्यात आल्या. तहान सवर्णांनाही तेथे घेऊन आली. पुढे शेतकरी मंडळे आणि महिला मंडळे उभी राहिली. शिकलेल्या परिचारिका खेड्यात रमेनात, तेव्हा गावातल्याच स्त्रियांना आरोग्यसेविकेचे शिक्षण देण्यात आले. त्यांतल्या कित्येक निरक्षर होत्या. सुरक्षित बाळंतपणाची आणि बालसंगोपनाची विद्या अशी गावाच्याच घरात आली. १९७९ साली या दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

मुंबईच्या पदपथावरील माणसांना तर पत्ताच नव्हता. १० जुलै १९८५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्काचा भाग मानला. तरी पावसाळ्यानंतर झोपड्या हटविण्यास मुभाही दिली. त्याच वर्षी 'स्पार्क' या संस्थेने भायखळा परिसरातील पदपथवासीयांची गणना प्रसिद्ध केली. सुमारे ६,००० कुटुंबे प्रथमच कागदावर आली. त्यांतील स्त्रियांनी १९८६ मध्ये 'महिला मिलन' उभारले. त्या दारोदार फिरून दररोज चार पैसे गोळा करीत. त्यातून अडीअडचणीला कर्ज मिळे. त्याहून मोलाचे म्हणजे, रोजच्या फेरीमुळे शेजारीण शेजारणीला ओळखू लागली. शिधापत्रिकेसाठी आणि घरासाठी त्या एकत्र उभ्या राहिल्या, त्या या ओळखीच्या बळावर.

गावात ओळख होती. तिच्यामधली भिंत पाडावी लागली. शहरात ओळखच घडवावी लागली. दोन्हीकडे शिकलेल्यांनी किल्ली आपल्या कमरेला ठेवली नाही, म्हणून काम टिकले.

वसईसारखे आपले धर्मग्राम आज अर्धे गाव, अर्धे शहर झाले आहेत. वाडीतील मंडळाने आपला पाणवठा कोणाला बंद आहे हे पाहावे. इमारतींतील मंडळाने कोणाची गणती राहून गेली हे शोधावे. सणाच्या जेवणावळीची तयारी त्यानंतर करता येईल.